बायोस अपडेट करू का? (१३ व्या पिढीचा इंटेल, गिगाबाइटचा बोर्ड आणि आमच्याकडची लाइट)

वाफाळता
नमस्कार मंडळी. साताऱ्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचा माझा छोटा व्यवसाय आहे. मशीन असेंबल्ड: आय७ १३७००, गिगाबाइटचा बी७६०एम डीएस३एच डीडीआर४, ३२ जीबी रॅम, विंडोज ११. २०२३ च्या सुरुवातीला घेतलं, बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) तेव्हाचाच आहे. मशीन कुरकुर न करता चालतं.

परवा एका क्लायंटचा मुलगा म्हणाला की या प्रोसेसरला बायोस अपडेट केला नाही तर तो हळूहळू खराब होतो. ज्याने मशीन जोडून दिलं त्याला फोन केला तर तो म्हणतो, "अजिबात हात लावू नका, बोर्ड गेला तर मी जबाबदार नाही." आता कोणाचं ऐकायचं? त्यात आमच्याकडे पावसाळ्यात लाइट कधी डोळा मारेल याचा नेम नाही. लग्नसराई सुरू व्हायच्या आत निर्णय घ्यायचाय. जाणकारांनी सांगावे.

उंबरठा
तुमचा असेंबलवाला बरोबर सांगतोय. चालत्या गाडीला खीळ घालू नये. मी संगणक वापरतोय तो फ्लॉपीवरून बायोस चढवायच्या काळापासून. २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच व्हायरसने किती मशीनचे बायोस पुसले ते ज्यांनी पाहिले त्यांना विचारा. बायोस गेला की मशीन चालूच होत नाही, फॉर्मॅट मारायचीही सोय उरत नाही.

आणि कंपन्या म्हणतात म्हणून लगेच धावू नये. स्पेक्टर-मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटींच्या वेळी, जानेवारी २०१८ मध्ये, इंटेलने घाईघाईत मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला, मशीन्स आपोआप रीस्टार्ट व्हायला लागली आणि २२ जानेवारीला इंटेलनेच सांगितले की थांबा, हा लावू नका. ज्यांनी काही केले नव्हते ते निवांत होते.

चकलीचा_साचा
उंबरठा काका, २०१८ ची गोष्ट अगदी खरी. पण त्यातून "कधीच करू नये" एवढा मोठा निष्कर्ष निघत नाही. फार तर "पहिल्या आठवड्यात करू नये" असा निघतो.

वाफाळता, तुमच्या बाबतीत उत्तर सरळ आहे: करा. तो मुलगा ज्याबद्दल बोलतोय ते इंटेलने स्वतः जाहीर केलंय. १३ व्या आणि १४ व्या पिढीचे ६५ वॉट आणि त्यावरचे डेस्कटॉप प्रोसेसर, म्हणजे तुमचा १३७०० त्यात आलाच. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागतो आणि व्होल्टेज-उष्णतेने आतल्या क्लॉकच्या सर्किटची झीज होते. मग काही महिन्यांनी गेम बंद पडणं, झिप उघडताना एरर, रेंडर अर्ध्यात मरणं असलं काहीबाही सुरू होतं. माणूस रॅम बदलतो, विंडोज टाकतो, ग्राफिक्स कार्डाला शिव्या घालतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ नावाचा मायक्रोकोड आला, सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी, आणि मे २०२५ मध्ये ०एक्स१२एफ. हा शेवटचा जी मशीन्स हलक्या कामावर दिवसेंदिवस चालू राहतात त्यांच्यासाठी. तुमच्या २०२३ च्या बायोसमध्ये यातलं काहीही नाही.

आता महत्त्वाचं. मायक्रोकोड प्रोसेसरमध्ये कायमचा लिहिला जात नाही. तो बायोसच्या चिपमध्ये बसतो आणि दर वेळी मशीन चालू झालं की प्रोसेसरमध्ये भरला जातो. म्हणून बायोस जुना तर मायक्रोकोडही जुना. आणि झालेली झीज यातून भरून येत नाही, पुढची थांबते. त्यामुळे "त्रास सुरू झाला की बघू" हे धोरण इथे उलटं पडतं. तुमचं मशीन आज ठणठणीत आहे, म्हणून तर आजच करायचं.

"हात लावू नका" याचं दुसरं टोक पण सांगते. नोव्हेंबर २०१९ मध्ये ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइझने कळवलं की त्यांच्या सर्व्हरमधल्या काही एसएसडी बरोब्बर ३२,७६८ तास चालल्या की मरणार, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास. डेटासकट. उपाय एकच, त्याआधी ड्राइव्हचं फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलणं. एकाच दिवशी चालू केलेल्या ड्राइव्ह एकाच दिवशी जाणार, मग रेड (एक ड्राइव्ह गेली तरी डेटा वाचावा म्हणून अनेक ड्राइव्ह जोडणं) काय कामाचं? तिथे ज्याने काही केलं नाही तो निवांत नव्हता.

वाफाळता
ताई, धन्यवाद. हे वाचून पोटात गोळा आला. पण लाइटचं काय? घरी इन्व्हर्टर आहे, मशीन त्यावरच आहे. लाइट गेली की कधी मशीन टिकतं, कधी रीस्टार्ट होतं.

सोल्डरवाला
कोल्हापुरात चिप लेव्हलचं काम करतो, रोज हेच बघतोय, म्हणून चार ओळी.

पहिलं इन्व्हर्टरचं. मागं नाहीतर पुढं एक स्विच असतोय, यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड. नॉर्मलला असला की बदल व्हायला वेळ लागतोय, पंख्याला ट्यूबला काय फरक पडत नाही, कॉम्प्युटर बसतोय. यूपीएस मोडला टाका. तरी माझं म्हणणं, कोणाचा तरी साधा ६०० व्हीएचा यूपीएस एक तासासाठी मागून आणा. त्यावर फक्त डबा आणि मॉनिटर. प्रिंटर, स्पीकर, मोबाइल चार्जर काढा. आणि आधी तपासा: मशीन नुसतं बायोसच्या स्क्रीनवर ठेवा आणि यूपीएसची पिन भिंतीतनं काढा. पाच-सात मिनिटं टिकलं तर कामाचा. लगेच टीं टीं करून मेला तर बॅटरी गेलीय, परत द्या.

आता खरं सांगू का, लाइट जाऊन मेलेले बोर्ड माझ्याकडं येत्यात, पण लोकांना वाटतं तेवढे नाही. जास्त येत्यात ते दोन प्रकारचे.

एक म्हणजे चुकीची फाइल. तुमच्याच बोर्डाचं बघा. बी७६०एम डीएस३एच या नावाचा डीडीआर५ वाला वेगळा, डीडीआर४ वाला वेगळा, एएक्स लावलेला म्हणजे वायफायवाला आणखी वेगळा. वर रिव्हिजन, म्हणजे त्याच बोर्डाची सुधारित आवृत्ती. बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आरईव्ही आणि आकडा छापलेला असतोय, तो टॉर्च मारून वाचा आणि वेबसाइटवर तोच रिव्हिजन निवडा. बिलावर काय लिहिलंय ते धरू नका, बिलावर लोक काय पण लिहित्यात. बायोसमधलं क्यू-फ्लॅश, म्हणजे गिगाबाइटची बायोस चढवायची सोय, चुकीची फाइल बहुतेक वेळा नाकारतं, पण नाकारलं म्हणून दुसऱ्या कुठल्या तरी सॉफ्टवेअरनं जबरदस्तीनं चढवणारे महाभाग आहेत.

दुसरं, धीर नसणं. चढवून झालं, मशीन रीस्टार्ट झालं, स्क्रीन काळा. पंखे फिरत्यात, बंद होत्यात, परत फिरत्यात. माणूस घाबरतोय आणि बटण दाबून धरतोय. अहो, ते मशीन मेलेलं नसतंय! नवीन बायोस आला की रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे रॅमशी जुळवून घेणं, परत पहिल्यापासनं होतंय, मॅनेजमेंट इंजिनचं (इंटेलच्या चिपसेटमधल्या छोट्या संगणकाचं) फर्मवेअर पण बदलत असंल तर दोन-तीन वेळा आपणहून रीस्टार्ट मारतंय. डीडीआर५ ला तर जास्तच वेळ. पंधरा मिनिटं गप बसायचं, घड्याळ लावून.

चकलीचा_साचा
+१. आणि हे कुणीच कसं बोललं नाही: बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ड्राइव्हला लावलेलं कुलूप!

आमच्या ऑफिसात बायोस अपडेटनंतर येणाऱ्या फोनांपैकी बहुतेक फोन याचेच. बोर्ड ठीक, बायोस ठीक, आणि स्क्रीनवर निळा चौकोन: ४८ आकडी रिकव्हरी की टाका. कारण असं की ड्राइव्हचं कुलूप टीपीएमला (मशीनमधल्या सुरक्षेच्या भागाला) बांधलेलं असतं आणि टीपीएम बायोसचं मोजमाप ठेवतो. बायोस बदलला की मोजमाप जुळत नाही, त्याला वाटतं कोणीतरी छेडछाड केली. त्याच्या जागी तो बरोबरच आहे.

"मी बिटलॉकर लावलंच नाही" असं म्हणू नका. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती नव्याने टाकली आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं तर पुष्कळ मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. होम आवृत्तीत त्याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात, भानगड तीच. सेटिंग्जमध्ये जाऊन बघा. चालू असेल तर आधी की शोधा (बहुतेकदा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते), कागदावर लिहा किंवा छापा. मोबाइलमध्ये फोटोही चालेल, फक्त त्याच मशीनच्या डेस्कटॉपवर टेक्स्ट फाइल करून ठेवू नका. मग ते सस्पेंड करा, म्हणजे तात्पुरतं थांबवा. डिक्रिप्ट करायची गरज नाही. अपडेट झाल्यावर पुन्हा चालू झालंय ना हे बघा.

तुमच्याकडे लोकांच्या लग्नाचं फुटेज आहे. ते परत शूट होत नाही. बॅकअप दुसऱ्या ड्राइव्हवर घेऊन तो ड्राइव्ह काढून ठेवा.

उंबरठा
बिटलॉकरचा मुद्दा मला ठाऊक नव्हता, नोंद घेतली. १३ व्या पिढीच्या बाबतीतही माझा विरोध मागे घेतो. मात्र एक आग्रह राहील: विंडोजमधून करू नये. बोर्डाच्या सीडीत किंवा साइटवर जी युटिलिटी मिळते, एका क्लिकवर बायोस वगैरे, तिच्या नादी लागू नये. अँटीव्हायरस मध्ये येतो, विंडोजचा अपडेट मध्ये येतो.

सोल्डरवाला
असेंबल्ड मशीनला शंभर टक्के सहमत काका. पेनड्राइव्ह आणि बायोसच्या आतनंच. ब्रँडेड लॅपटॉपचं वेगळं. त्यात विंडोजमधनं फाइल चालवली तरी ती नुसतं पुडकं ठेवून देती, खरं लिहिणं रीस्टार्टनंतर विंडोजच्या बाहेर होतंय. विंडोज अपडेटमधनं येणारं फर्मवेअर पण तसंच.

रानवाट
बंगळुरातून लिनक्सवाल्यांची हजेरी लावतो. :) ज्यांच्याकडे डेल, लेनोवो, एचपीचे बिझनेस लॅपटॉप आहेत त्यांनी एफडब्ल्यूयूपीडी हे फर्मवेअर अपडेट करणारं सॉफ्टवेअर वापरावं. कंपन्या आपलं फर्मवेअर एलव्हीएफएस नावाच्या सार्वजनिक साठ्यात चढवतात, तिथून सही तपासून ते आपल्या मशीनवर येतं. बायोस, डॉक, काही एसएसडी, माउसचा रिसिव्हरसुद्धा. मॉडेल शोधण्याची कटकट नाही, कारण मशीन स्वतःच आपला क्रमांक सांगतं. असेंबल्ड बोर्डांना मात्र याचा फारसा उपयोग नाही, त्यांचे उत्पादक तिथे क्वचितच दिसतात.

आणि लिनक्सवाल्यांनीही फार कॉलर ताठ करू नये. डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू १७.१० मधल्या इंटेलच्या एका ड्रायव्हरने काही लॅपटॉपच्या बायोसचं लिहिणंच बंद पाडलं होतं, सेटिंग सेव्ह होईनात. कॅनॉनिकलला डाउनलोड काढून घ्यावं लागलं.

वाफाळता
रिव्हिजन वाचला: १.०. बॅकअप झाला. डिव्हाइस एन्क्रिप्शन खरंच चालू निघालं! की खात्यात सापडली, वहीत लिहिली. आता एकच शेवटची भीती: समजा मधेच गेलंच, तर?

सोल्डरवाला
तुमच्या बोर्डाला क्यूफ्लॅश प्लसचं छोटं बटण आहे. ते असल्यावर काळजी निम्मी. त्याला प्रोसेसर नको, रॅम नको. फक्त पॉवर सप्लायची मोठी २४ पिनची आणि प्रोसेसरची वरची १२ व्होल्टची, दोन्ही पिना लावलेल्या पाहिजेत. पेनड्राइव्ह फॅट३२, फाइलचं नाव बदलून गिगाबाइट.बिन करायचं, मागच्या ठरलेल्या यूएसबीत लावायचं आणि बटण दाबायचं. दिवा लुकलुकतोय तोवर बघत बसायचं. असूसला फ्लॅशबॅक, एमएसआयला फ्लॅश बायोस बटण, नावं वेगळी, काम एकच. नवा बोर्ड घेणाऱ्यांनी आरजीबी दिवे बघण्याआधी हे बटण आहे का बघा.

ते पण नाही झालं तर आमच्याकडं. बायोसची चिप म्हणजे आठ पायांची, करंगळीच्या नखाएवढी, तुमच्यात १६ नाहीतर ३२ एमबीची. प्रोग्रामरचा चिमटा चिपला लावून थेट लिहितो.

निंबोणी
तो प्रोग्रामर ऑनलाइन स्वस्तात मिळतो ना? सीएच३४१ए म्हणतात तो? घरी करता येईल का? (मी इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे.)

सोल्डरवाला
करता येईल, शीक. पण ऐक. काळ्या रंगाचा जो स्वस्तातला येतोय त्यातल्या बऱ्याच जणांच्या डेटाच्या पायांवर ५ व्होल्ट निघत्यात, चिप ३.३ ची. आणि लॅपटॉपमधल्या कित्येक चिपा १.८ व्होल्टच्या असत्यात, त्याला वेगळा अडॅप्टर लागतोय. आधी चिपवरचा नंबर भिंगातनं वाचायचा, डेटाशीट उघडायची, व्होल्टेज बघायचं, मगच चिमटा. लॅपटॉपची बॅटरी काढायची, सीएमओएसचा सेल काढायचा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ही तर धंद्यातले पण पाळत नाहीत: लिहायच्या आधी वाचायचं. दोन वेळा वाचायचं, दोन्ही फाइली तंतोतंत जुळल्या पाहिजेत, नाही जुळल्या तर चिमटा नीट बसलेला नाही. ती जुनी फाइल जपून ठेवायची, बोर्ड मेलेला असला तरी! कारण त्याच चिपमध्ये मशीनचा सिरियल नंबर असतोय, लॅनचा मॅक अॅड्रेस असतोय, लॅपटॉपच्या विंडोजची की असती. लोक काय करत्यात, नेटवरनं दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनचा डंप (चिपमधल्या सगळ्याची नक्कल) घेत्यात आणि ठोकत्यात. मशीन चालू होतंय, गिऱ्हाईक खूश. मग विंडोज अॅक्टिव्हेट होईना, वॉरंटीच्या साइटवर नंबर टाकला तर दुसऱ्याच राज्यातलं मशीन दिसतंय. कंपनीच्या साइटवरची फाइल पण जशीच्या तशी चिपवर टाकायची नसती, बऱ्याचदा ती पुडक्यात बांधलेली असती, आतनं इमेज काढावी लागती.

गिऱ्हाइकांनी दुकानदाराला एवढंच विचारा: "जुना डंप ठेवला का?" उत्तर देताना अडखळला तर मशीन उचला.

निंबोणी
हे आम्हाला कॉलेजात कोणी सांगत नाही, काका. वाचनखूण साठवली.

चकलीचा_साचा
वाफाळता, करायच्या आधी बायोसमधल्या सगळ्या पानांचे मोबाइलने फोटो काढा. अपडेटनंतर सगळं मूळपदावर जातं आणि जुनं सेव्ह केलेलं प्रोफाइल नवीन बायोस बहुतेकदा घेत नाही. खास करून स्टोरेजचं सेटिंग बघा, व्हीएमडी (इंटेलची ड्राइव्ह सांभाळायची सोय) चालू आहे की बंद. ते उलटं झालं तर विंडोज निळी स्क्रीन देतं की बूट डिव्हाइस सापडत नाही, आणि लोक घाबरून फॉर्मॅट मारतात. एक सेटिंग परत फिरवलं की सगळं जागेवर.

बायोसच्या साइटवर प्रत्येक आवृत्तीखाली दोन ओळी लिहिलेल्या असतात, त्या वाचा. काही बोर्डांना मधली एखादी आवृत्ती आधी चढवावी लागते, काही आवृत्त्यांवरून मागे फिरता येत नाही. आणि बीटा लिहिलेली घेऊ नका.

वाफाळता
झालं!!

आज पहाटे केलं, शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा यूपीएस आणून. फाइल पेनड्राइव्हवर, चालू करताना एंड दाबून क्यू-फ्लॅश. पुसणं, लिहिणं, तपासणं अशी तीन पट्ट्यांची मिरवणूक झाली. मग काळा स्क्रीन. पंखे दोनदा थांबून पुन्हा फिरले. सोल्डरवाल्यांनी सांगितलं नसतं तर मी बटण दाबलंच असतं. बायको म्हणाली, "हात मागे बांधून उभे राहा." उभा राहिलो. लोगो आला.

पंखे पहिल्यापेक्षा जोरात होते आणि रॅम ३२०० ची २१३३ दाखवत होती. ताईंच्या सांगण्याप्रमाणे फोटो बघून एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवायचं सेटिंग) चालू केलं, पंख्यांचा वक्र लावला, व्हीएमडी जुळवलं. बिटलॉकरने काही विचारलं नाही. एचडब्ल्यूइन्फो या मशीनची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मायक्रोकोडसमोर आता १२एफ दिसतंय. सगळ्यांचे मनापासून आभार. उंबरठा काका, तुमचेही, तुमच्यामुळे विंडोजमधली युटिलिटी उघडलीच नाही.

उंबरठा
अभिनंदन. आता माझाच एक प्रश्न. माझ्या जुन्या डेल लॅपटॉपला अपडेट दाखवतोय. सिक्युअर बूटची (मशीन चालू होताना फक्त सही असलेले सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) २०११ ची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून कालबाह्य होत जाणार, त्यासंबंधी काही आहे असे वाचले. पण बॅटरी पूर्ण मेलेली आहे, चार्जरवरच चालतो, त्यामुळे तो अपडेट घ्यायला नकार देतो. कुठेतरी वाचले की फाइलच्या नावापुढे 'फोर्सइट' असे शेपूट लावले की बॅटरी न तपासता घेतो. लावू का?

सोल्डरवाला
नका लावू काका. ते शेपूट खरंच आहे आणि चालतंय पण, म्हणून तर बोर्ड येत्यात माझ्याकडं. लॅपटॉपच्या चार्जरची पिन जुनी झाली की हाताचा नुसता धक्का पुरतोय. बॅटरी लॅपटॉपचा यूपीएसच की! आधी बॅटरी टाका, थोडी चार्ज होऊ दे, चार्जर लावूनच ठेवा, मग करा.

चकलीचा_साचा
आणि काका, प्रमाणपत्रांची एवढी घाई नाही. मुदत संपली म्हणून लॅपटॉप चालू व्हायचा थांबत नाही. बूट होण्याच्या टप्प्यातल्या पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या मात्र मिळायच्या थांबतात. त्यामुळे टाळू नका, पण बॅटरी येईपर्यंत थांबलात तरी चालेल. बॅटरी मागवताना लॅपटॉपच्या खालचा सर्व्हिस टॅग सांगा, नुसतं मॉडेल सांगितलं तर एकाच मॉडेलमध्ये दोन आकारांच्या बॅटऱ्या असतात.

उंबरठा
टॅग पुसट झाला आहे.

रानवाट
काका, चालू करताना एफ२ दाबा, बायोसच्या पहिल्याच पानावर सर्व्हिस टॅग दिसतो.